वाढत्या वयातले आईपण : महाराष्ट्रातील किशोरवयीन मातांचा प्रश्न

वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधी आई झालेल्या मुलीला किशोरवयीन माता म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हा काळ किशोरवयाचा धरते. भारतीय कायदा मात्र अठराव्या वर्षावर रेघ ओढतो : अठरा-एकोणीस वर्षांची आई सज्ञान ठरते, तर सतरा वर्षांची आई कायद्याच्या लेखी स्वतःच बालक असते. शरीराची गरज या रेघेने बदलत नाही. अंगाची वाढ, शिक्षण आणि मनाची जडणघडण अर्ध्यावर असतानाच दुसऱ्या जिवाची जबाबदारी येऊन पडते. या प्रश्नाचे सगळे पदर याच एका गोष्टीतून सुटत जातात. अशा घरात वाढती मुले दोन असतात, पण घराचे, दवाखान्याचे आणि शासनाचे लक्ष बहुधा त्यांतल्या धाकट्याकडेच जाते.

व्याप्ती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ७.६ टक्के, म्हणजे राष्ट्रीय सरासरीहून अधिक होते. त्याआधीच्या फेरीत (२०१५-१६) देशाचा आकडा ७.९ आणि राज्याचा ८.३ होता. प्रमाण घटत आहे, पण घट संथ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत या वयोगटातल्या सुमारे २ कोटी १० लाख मुलींना दरवर्षी दिवस जातात. त्यांतली निम्मी गरोदरपणे नको असलेली असतात.

भारतात किशोरवयीन मातृत्व बहुतांशी लग्नाच्या आत घडते. म्हणून त्याचा नकाशा बालविवाहाच्या नकाशाशी जुळतो. पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षे भरण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के होते. परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के होते. राज्याच्या सरासरीत जिल्ह्याजिल्ह्यांतले हे अंतर दिसेनासे होते. मराठवाड्यातल्या काही तालुक्यांत अल्पवयीन आई हा अपवाद उरलेला नाही.

प्रश्नाचा इतिहास

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. आनंदीबाई जोशींचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, ही सल त्यांना वैद्यकीय शिक्षणाकडे घेऊन गेली. १८८६ मध्ये त्या अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. वर्षभरात, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी त्यांचे निधन झाले. मराठी समाजाने त्यांना पहिली स्त्री डॉक्टर म्हणून लक्षात ठेवले. त्या किशोरवयीन माता होत्या आणि त्यांची वाट तिथूनच सुरू झाली, ही बाजू मागे पडली.

त्याच काळात रखमाबाईंचा खटला गाजला. अकराव्या वर्षी झालेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये सुरू झालेले हे प्रकरण १८८८ मध्ये तडजोडीने मिटले. पुढे त्याही डॉक्टर झाल्या. बंगालमधल्या फुलमणी या बालवधूच्या मृत्यूनंतर देशभर वादळ उठले आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधाच्या संमतीची दहा वर्षांची मर्यादा बारावर नेली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. १९४९ मध्ये ते पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा झाले.

कायद्याने वय वाढवण्याच्या या प्रयत्नांच्या आधीच एक वेगळा प्रयत्न झाला होता. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या, दिवस गेलेल्या विधवांनी तिथे यावे, बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको तर ठेवून जावे, अशी सोय होती. त्या काळात यांतल्या कित्येक विधवा वयाने कोवळ्याच असत. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या स्त्रीचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. या गृहामागचा विचार आजही मार्गदर्शक आहे : दोष कोणाचा हे ठरण्याची वाट न पाहता आधी आई आणि मूल दोघांना वाचवायचे.

आईपणापर्यंतच्या वाटा

मुलगी लवकर आई होते त्याच्या वाटा तीन आहेत : कमी वयातले लग्न, प्रेमसंबंध आणि लैंगिक अत्याचार. पहिली सर्वांत मोठी आहे आणि तिच्यामागे परंपरेइतकेच अर्थकारण आहे.

ऊसतोडीचे उदाहरण बोलके आहे. बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देतो. या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. उचल पूर्ण हवी तर जोडी हवी, म्हणून मुलाचे लग्न लवकर होते. दुसऱ्या टोकाला मुलीचे आई-वडील असतात. सहा महिने गाव सोडताना वयात आलेल्या पोरीला म्हाताऱ्या आजी-आजोबांजवळ ठेवायचे की फडावरच्या कोपीत न्यायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो. लग्न लावून दिले की दोन्ही काळज्या मिटल्यासारख्या वाटतात. मग पंधरा-सोळा वर्षांची मुलगी पहाटे अंधारात उठते, भाकरी थापते, दिवसभर ऊस बांधते, मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. पोटात मूल असले तरी खाडा परवडत नाही, कारण खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. गावच्या आशाताईंनी केलेली गरोदरपणाची नोंद गावातच राहते आणि फडावर तिला ओळखणारे कोणी नसते.

शाळेचे अंतर हे दुसरे कारण. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना लागू आहे. लग्नाची परवानगी अठराव्या वर्षी मिळते. मधल्या चार वर्षांत मुलीला शाळेत ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी कोणावरच नसते. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते, पुढची शाळा चार-सहा किलोमीटरवर असते आणि वाट सुरक्षित वाटत नाही. शाळा सुटलेली मुलगी घरच्यांच्या डोळ्यांत ‘लग्नाची’ होते. कोविडकाळात शाळा बंद झाल्या, कामे गेली, घरातल्या घरात चार माणसांत लग्ने स्वस्तात उरकू लागली, तेव्हा हा धागा किती सरळ आहे हे दिसून आले.

शरीरावरचा भार

पाळी सुरू झाली म्हणजे मुलगी मूल होण्यास तयार झाली, हा समज घातक आहे. पाळी आल्यानंतरही काही वर्षे उंची आणि कमरेच्या हाडांची वाढ चालू असते. सोळाच्या आतल्या मुलीचे ओटीपोट पुरेसे रुंद झालेले नसेल तर प्रसूती अडण्याचा धोका वाढतो. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांच्या तुलनेत किशोरवयीन मातांमध्ये गरोदरपणातील झटके, बाळंतपणानंतर गर्भाशयाला होणारा जंतुसंसर्ग आणि इतर गंभीर संसर्ग यांचे प्रमाण जास्त आढळते. त्यांच्या बाळांमध्ये वेळेआधी जन्म आणि अडीच किलोपेक्षा कमी वजन यांचा धोका अधिक असतो.

यात रक्तक्षयाची भर पडते. पाचव्या पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये तो आढळला. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय धरतात आणि ७ ग्रॅमच्या खाली तो तीव्र समजतात. आधीच रक्त कमी असलेल्या मुलीला बाळंतपणातला थोडा जास्त रक्तस्रावही जिवावर बेततो. वाढत्या वयाच्या आईचे स्वतःचे शरीरही अन्नातला वाटा मागत असते. एका ताटात दोन वाढती शरीरे जेवतात आणि ते ताट बहुधा घरात सर्वांत शेवटी वाढले जाते.

धोका वाढवणारी आणखी एक गोष्ट कागदावर घडते. उपकेंद्रात गरोदर मातांच्या तपासणीचा दिवस असतो. बाकावर नव्या बांगड्या भरलेली मुलगी बसलेली असते, शेजारी सासू. परिचारिका माता-बाल संरक्षण कार्ड भरायला घेते आणि वय विचारते. मुलगी सासूकडे पाहते. सासू म्हणते, ‘एकोणीस.’ रकान्यात तो आकडा पडतो. या एका आकड्याने घर पोलीस ठाण्यापासून वाचल्यासारखे होते, पण मुलीच्या वाट्याला यायची विशेष देखरेख कमी होते. खरे वय लिहिले असते तर ती अतिजोखमीची माता म्हणून नोंदली गेली असती, तिच्या तपासण्या वाढल्या असत्या आणि प्रसूती कुठे करायची याचा बेत आधी ठरला असता.

लवकर सुरू झालेल्या मातृत्वाचे परिणाम पुढेही चालू राहतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. तेव्हा नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कोवळ्या वयातले लग्न, लागोपाठ बाळंतपणे, विश्रांतीचा अभाव आणि मग अंगावर काढलेल्या दुखण्यांवर थेट शस्त्रक्रिया, अशी ती साखळी आहे.

मन आणि घर

बाळंतपणानंतरची उदासी कोणत्याही वयात येऊ शकते. किशोरवयीन मातांमध्ये तिचे प्रमाण जास्त असते. कारणे उघड आहेत. वर्गातल्या मैत्रिणी सुटतात, नवे घर अनोळखी असते, नवऱ्याशी ओळख व्हायच्या आत दिवस जातात, झोप मिळत नाही. बाळ रडले की ‘हिला काही कळत नाही’ हे वाक्य सतत कानावर पडते. कित्येक घरांत बाळाचा ताबा सासू किंवा आई घेते. त्या मदतीमागे माया असते, पण मुलगी बाळाला पाजण्यापुरती उरते आणि तिचा आत्मविश्वास खचतो. चांगला आधार देणारी घरे बाळ तिच्या हातातून काढून घेत नाहीत. बाळाला कसे धरायचे, अंगावर कसे घ्यायचे, ढेकर कसा काढायचा हे तिच्याच हातून करवून घेतात आणि रात्रीचा एक वाटा स्वतः उचलतात.

रडू, चिडचिड, भूक आणि झोप उडणे, बाळाविषयी काहीच न वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, किंवा जीव नकोसा झाल्याचे शब्द तिच्या तोंडून आले, तर तो आजार मानून डॉक्टरांना दाखवावे लागते. ‘टेली-मानस’ ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

माहेरी पहिले बाळंतपण करण्याची रीत या मुलींना तारणारी आहे. पहिलटकरणीला सातव्या महिन्यानंतर माहेरी आणणे, सव्वा महिना बाळंतिणीला कामाला हात लावू न देणे, तिला डिंकाचे-अळिवाचे लाडू देणे यांत विश्रांती आणि पोषण दोन्ही आहे. तिच्याच बरोबरीने काही घरांत बाळंतिणीचे पाणी तोडणे, डाळी-भाज्या वर्ज्य करणे, पहिले चिकाचे दूध पिळून टाकणे अशा चालीही टिकून आहेत. पहिल्या ठेवाव्यात, दुसऱ्या टाकाव्यात. चिकाचे दूध हे बाळाचे पहिले संरक्षण असते आणि जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यायला हवे.

कायदा : संरक्षण आणि भीती

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. तो १ नोव्हेंबर २००७ पासून लागू आहे. अज्ञान मुलीशी लग्न करणारा सज्ञान पुरुष, लग्न लावणारे आणि घडवून आणणारे यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्रामीण महाराष्ट्रात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. याच कायद्यात आई झालेल्या मुलीच्या बाजूच्या तरतुदी आहेत आणि त्या फार थोड्यांना ठाऊक असतात. असे लग्न तिला रद्द करून घेता येते. त्यासाठी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत मुदत असते. न्यायालय तिला पुन्हा लग्न होईपर्यंत पोटगी आणि राहण्याची सोय देवविते. लग्न रद्द झाले तरी मूल औरस राहते.

दुसरा कायदा बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा, म्हणजे पॉक्सो. त्यात अठरा वर्षांखालील संमतीला अर्थ नाही आणि अशी घटना कळलेल्या प्रत्येकावर, डॉक्टरांवरही, ती कळवण्याचे बंधन आहे. ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीशी ठेवलेला संबंधही बलात्कार ठरवला. अत्याचार झालेल्या मुलीसाठी हे कायदे आवश्यक आहेत. पण लग्न झालेली किंवा स्वतःच्या इच्छेने नात्यात असलेली मुलगी दवाखान्यात आली की नवरा किंवा मित्र तुरुंगात जाईल या धास्तीने कुटुंबे तिला लपवतात. तपासणी टळते, वय खोटे लिहिले जाते, घरी किंवा लांबच्या गावी बाळंतपण उरकले जाते.

न्यायालयांनाही या पेचाची जाणीव झाली आहे. २३ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात दोषी पुरुषाला शिक्षा न सुनावण्याचा निर्णय विशेष अधिकार वापरून दिला. त्या प्रकरणातली मुलगी चौदाव्या वर्षी घर सोडून त्याच्याकडे गेली होती आणि पुढे आई झाली होती. मूळ घटनेपेक्षा नंतरच्या पोलीस-न्यायालयाच्या फेऱ्यांनी तिला अधिक यातना दिल्या आणि समाज, कुटुंब व यंत्रणा सगळ्यांनीच तिला एकटे पाडले, असे न्यायालयाने नमूद केले. हा निर्णय इतर प्रकरणांना दाखला म्हणून वापरायचा नाही हेही स्पष्ट केले. तिच्या राहण्याची, शिक्षणाची आणि मुलाच्या संगोपनाची जबाबदारी राज्याने घ्यावी, हा त्या निकालाचा दूरवर जाणारा भाग आहे.

लग्नाबाहेरचे गरोदरपण

लग्न न झालेल्या मुलीला दिवस गेले तर घर सर्वप्रथम गुप्ततेच्या मागे लागते आणि त्यात मोलाचे आठवडे जातात. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा असून २०२१ मध्ये तो सुधारला गेला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, तर वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. ही दुसरी मुभा ज्यांना मिळते त्यांत अल्पवयीन मुली आणि लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रिया येतात. मुलगी अठराच्या आत असेल तर पालकाची लेखी संमती लागते. चोवीस आठवडे उलटले की बहुधा न्यायालयात जावे लागते, म्हणून पाळी चुकल्यावर पहिल्या महिन्यातच तपासणी होणे फार महत्त्वाचे आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांना पोलिसांकडे माहिती देताना तिचे नाव व ओळख उघड करावी लागणार नाही. लपूनछपून भोंदूकडे किंवा औषधांच्या दुकानातून गोळ्या आणून केलेल्या गर्भपातापेक्षा हा मार्ग कितीतरी सुरक्षित आहे आणि तो प्रत्येक उपकेंद्रापर्यंत ठाऊक असायला हवा.

मूल जन्माला आले आणि सांभाळणे शक्य नसेल तर ते बालकल्याण समितीपुढे रीतसर सोपवता येते. बाल न्याय कायद्याने (२०१५) फेरविचारासाठी दोन महिने दिले आहेत. त्या मुदतीत मुलगी मूल परत घेऊ शकते. मूल उकिरड्यावर किंवा देवळाच्या पायरीवर टाकले जाण्यामागे या सोयीविषयीचे अज्ञान मोठे आहे. मूल ठेवणाऱ्या अविवाहित आईसाठी ६ जुलै २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उपयोगी आहे : वडिलांचे नाव न सांगताही तिला मुलाचे पालकत्व मिळू शकते आणि प्रतिज्ञापत्रावर मुलाच्या जन्माचा दाखला मिळतो. अत्याचार झालेल्या मुलींना राज्याच्या मनोधैर्य योजनेतून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत अर्थसाहाय्य मिळते. संकटातल्या मुलीसाठी १०९८ हा मदतक्रमांक आहे. या सेवेची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईत झाली.

गरोदरपण आणि बाळंतपणातली सेवा

खरे वय सांगून बाराव्या आठवड्याच्या आत नोंदणी करणे ही सर्वांत उपयोगी पायरी. किमान चार तपासण्या, प्रत्येक वेळी रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी, धनुर्वाताची इंजेक्शने, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस लोहाची रोज एक गोळी आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस, हा नेहमीचा क्रम आहे. गोळीने मळमळते म्हणून ती उंबऱ्याबाहेर टाकली जाते. रात्री जेवणानंतर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर त्रास कमी होतो. चहाबरोबर मात्र ती घेऊ नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून विशेष तपासणी असते आणि किशोरवयीन मातेने ती चुकवू नये.

काही खुणा घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हव्यात : असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्या-हातांवर सूज, झटके, अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, ताप, बाळाची हालचाल मंदावणे. यांतली एक जरी दिसली तरी १०८ वर फोन करून थेट रुग्णालय गाठावे. प्रसूती शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी व्हावी हा बेत आधीच ठरवावा. दुर्गम आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघर’ असते. तारखेआधी काही दिवस तिथे येऊन राहता येते.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, जेवण आणि ने-आण मोफत आहे आणि ती वयावर अवलंबून नाही. आदिवासी भागांत अंगणवाडीतून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेचे एक वेळचे गरम, चौरस जेवण मिळते. पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये देणाऱ्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेला मात्र अठरा वर्षांच्या पुढची वयाची अट आहे. बालविवाहाला प्रोत्साहन मिळू नये हा तिचा हेतू असतो. पैसे न मिळाल्याने झालेले लग्न मोडत नाही, कमी होते ते मुलीच्या ताटातले अन्न. या वयाच्या मातांसाठी रोख रकमेऐवजी धान्य, अंडी, दूध आणि अंगणवाडीतले दुप्पट जेवण देण्याचा मार्ग खुला आहे.

बाळासाठी सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ऊब देण्याची कांगारू पद्धत आणि वेळेवर लसीकरण हे तीन आधार आहेत. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या शिकवलेल्या स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणता येतो हे दाखवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. आज आशाताई ४२ दिवसांत सहा-सात वेळा बाळंतिणीच्या घरी येतात, त्याचे मूळ तिथे आहे. किशोरवयीन मातेच्या घरी या भेटींत बाळाचे वजन करून झाल्यावर पाच मिनिटे आईसाठी ठेवली, तिची झोप, जेवण, रक्तस्राव आणि मन विचारले, तर वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही.

पहिली दोन वर्षे

बाळंतपण सुखरूप पार पडले की यंत्रणेचे काम संपले असे धरले जाते. मुलीचे पुढचे आयुष्य मात्र त्यानंतरच्या दोन वर्षांत ठरते. या काळात दोन गोष्टी साधल्या तर ती सावरते : दुसरे मूल लांबणे आणि शिक्षण पुन्हा सुरू होणे.

जन्मानंतर पुढचे दिवस जाण्यात किमान २४ महिन्यांचे अंतर असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पहिली मुलगी झाली असेल तर घरातून लगेच दुसऱ्या बाळाची घाई होते. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवता येणारी तांबी, दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळ्या आणि निरोध हे पर्याय सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. अंगावर पाजत आहे म्हणून दिवस जाणारच नाहीत, हा विश्वास अनेकींना फसवतो. नवऱ्याशी वेगळे बोलणे इथे आवश्यक असते, कारण निर्णय त्याच्या किंवा सासूच्या हातात असतो. तोही कित्येकदा वीस-बावीस वर्षांचा, काहीच न शिकवला गेलेला मुलगा असतो.

शिक्षणाची वाट बंद नसते, फक्त ती कोणी दाखवत नाही. लग्न झालेल्या किंवा आई झालेल्या मुलीला शाळेतून काढून टाकावे असा कोणताही नियम नाही. रोज जाणे जमत नसेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देता येते. मुक्त विद्यालयाचा पर्याय आहे आणि पुढे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी राहून शिकणाऱ्यांसाठी उभे आहे. अडचण फॉर्मची नसते; बाळाला दोन तास कोण घेणार ही असते. अंगणवाडी तीन वर्षांच्या पुढच्या मुलांना बसवून घेते, त्याखालच्या बाळासाठी गावात पाळणाघर नसते. जिथे आजी, नणंद किंवा शेजारीण हे दोन तास देते तिथे मुलगी परीक्षेला बसते. म्हणून पाळणाघर ही किशोरवयीन मातेसाठी शाळेच्या इमारतीइतकीच शैक्षणिक गरज आहे. शिवणकाम, परिचर्या, संगणक यांचे प्रशिक्षण आणि बचत गटातली जागा यांमुळे तिच्या हाती स्वतःचे चार पैसे येतात. घरातल्या निर्णयांत तिचे मत विचारले जाण्याची सुरुवात तिथून होते.

प्रतिबंध आणि आधार

मुलीचे लग्न लांबवता येते याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने मराठवाड्यातल्या गावांत किशोरींसाठी जीवनकौशल्यांचे वर्षभराचे वर्ग चालवले. गावातल्याच शिकलेल्या स्त्रिया ते घेत. काही वर्षांत त्या भागातले मुलींच्या लग्नाचे मध्यवय सोळावरून सतरावर गेले. एक वर्ष थोडे वाटते, पण पंधरा-सोळाच्या मुलीच्या शरीरासाठी आणि दहावीच्या परीक्षेसाठी ते फार मोठे आहे. याच संस्थेने लग्न झालेल्या किशोरींच्या आरोग्यावरही वेगळे काम केले. ‘सर्च’चा ‘तारुण्यभान’ उपक्रम मुला-मुलींशी शरीर, नाते आणि जबाबदारी यांवर मोकळेपणाने बोलतो. सरकारी दवाखान्यांतली ‘मैत्री’ केंद्रेही किशोरवयीनांसाठी आहेत. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी आणि संत भगवानबाबा वसतिगृहे, अठराव्या वर्षी शेवटचा ७५ हजारांचा हप्ता देणारी ‘लेक लाडकी’ योजना हे सारे शाळा आणि लग्न यांच्यातले अंतर वाढवणारे उपाय आहेत. त्यांतही गाव सोडताना मुलीला सुरक्षित ठेवणारे वसतिगृह थेट लग्नाच्या कारणावरच घाव घालते.

प्रतिबंध आणि आधार ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्ही एकाच वेळी करायची आहेत. लग्न रोखण्याची कडक भाषा झालेल्या आईपर्यंत शिक्षेसारखी पोहोचली तर ती दवाखान्यापासून, शाळेपासून आणि मदतक्रमांकापासून दूर जाते. आधाराचा क्रम साधा आहे : खरे वय न घाबरता सांगता यावे, प्रसूती सुरक्षित ठिकाणी व्हावी, दुसरे मूल लांबावे, बाळाला दोन तास सांभाळणारे कोणी असावे आणि तिचे नाव पुन्हा हजेरीपटावर यावे. आज माता-बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या वजनासाठी, लसींसाठी आणि वाढीसाठी रकाने आहेत. ते नेमाने भरले जातात म्हणून बाळे वाचतात. त्याच कार्डावर सोळा-सतरा वर्षांच्या आईसाठीही तिचे वजन, तिचे मन, तिची शाळा असे रकाने आले आणि ते तितक्याच नेमाने भरले गेले, तर त्या घरातल्या दोन्ही मुलांची वाढ कोणीतरी पाहत आहे असे म्हणता येईल.